गदरने उठवलं, पण बसवलं कुणी?

जून महिना आला की शाळेत दोन प्रकारचे पालक येतात. काही मुलाचं नाव घालायला, काही जुनं रजिस्टर बघायला. "सर, आमच्या दादांचं नाव सापडतं का, जरा बघा ना." ओबीसीच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. घर मोमीन आहे, पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं. पण मोहल्ल्याची साक्ष कागदावर चालत नाही. आणि ज्याचे आजोबा सात वर्षांचे असताना शाळेत जाण्याऐवजी मागाजवळ कांड्या भरत होते, त्याने रजिस्टरमधलं नाव आणायचं कुठून?

गेल्या वर्षी पुतण्यासाठी मलाच हे काम करावं लागलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे : आपण इथे आलो कसे?

घरोघर एकच किस्सा सांगितला जातो. १८५७ च्या गदरनंतर इंग्रजांनी जुलूम केला, आपले बुजुर्ग मऊ, मुबारकपूर, टांडा, इलाहाबाद अशा भागांतून निघाले आणि दख्खनला आले. भिवंडी, मालेगाव, धुळे, बऱ्हाणपूर, कुठल्याही अन्सारी घरात हेच ऐकाल. किस्सा खोटा नाही. अवध आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत त्या काळात काय झालं ते इतिहासात आहे. पुढे दुष्काळही पडले, विलायती कापडाने माग आधीच कमजोर केला होता. पण भीती आणि भूक माणसाला घराबाहेर काढतात. कुठे थांबायचं, हे त्या सांगत नाहीत. मालेगावच का? मधल्या शेकडो मैलांत गावं नव्हती का?

पहिलं उत्तर रस्त्याचं आहे. मुंबई-आग्रा रस्त्याचा नकाशा समोर ठेवा : भिवंडी, नाशिक, मालेगाव, धुळे. उत्तरेकडून पायी आणि बैलगाडीने येणाऱ्यांचा हाच रस्ता. मालेगाव त्यांच्यासाठी अगदी अनोळखीही नव्हतं. अठराव्या शतकात नारोशंकर राजेबहादूरांनी तिथला भुईकोट किल्ला बांधला, तेव्हा सुरतेहून आणि उत्तरेतून मुसलमान कारागीर आल्याचं सांगितलं जातं. म्हणजे मशीद होती, बोली समजणारी चार माणसं होती.

दुसरं उत्तर लुगड्याचं. खानदेशात आणि नाशिककडे बाया नऊवारी नेसत. रंगीत सुताचं, काठाचं, शेतात टिकणारं लुगडं गिरणीला सहज जमत नव्हतं. ते हातमागावरच उतरायचं. १८५० च्या दशकात मुंबईत सूतगिरण्या सुरू झाल्या, १८६० च्या दशकात रेल्वे मनमाडवरून पुढे भुसावळकडे गेली. सूत जवळ आलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१-६५) इथल्या कापसाला भाव चढला आणि शेतकऱ्याच्या हाती रोकड खेळू लागली. त्या वर्षांत सूतही महागलं, हे मात्र विसरू नये. पण गिऱ्हाईक इथे तयार होत होतं, एवढं खरं.

तिसरं उत्तर आपण फारसं देत नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत एकटा जाऊ शकत होता. बायको-मुलं गावी, तो खोलीवर. हातमागाचं तसं नाही. एक विणतो तेव्हा कुणी कांड्या भरतं, कुणी ताणा लावतं, कुणी खळ देतं. घर हाच कारखाना. म्हणून विणकर निघाला तर घरासकट निघाला, आणि घरासकट निघायचं तर पुढे कुणीतरी आपलं हवं. नव्या गावात सूत उधार मिळायचं तेही कुणाच्या तरी शब्दावर. मारवाडी-गुजराती व्यापारी अनोळखी माणसाला सूत देणार नाही; पण आधी आलेला मामू किंवा साढू जामीन राहिला तर देईल. मग निकाह जुळतात, आणखी दोन घरं येतात, गल्लीची गल्ली एका गावची होते.

डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांनी १९९९ मध्ये विणकरांच्या स्थलांतरावर एक लेख लिहिला. विणकर केवळ संकटाने हुसकावलेले नव्हते, ते बाजार बघून आणि आपली माणसं बघून चालत होते, असा त्यांचा एकूण सूर आहे. तेलंगणातून सोलापूरला आलेल्या पद्मशालींची गोष्ट अशीच आहे. ते तेलुगू बोलत आले, आपण पूरबी बोलत आलो. तरी त्यांच्या आणि आपल्या कहाणीत फरक फार थोडा.

आमचे दादा मालेगावहून लुगड्यांचं गाठोडं घेऊन साक्रीच्या बाजाराला यायचे. साक्री आग्रा रोडवर नाही, म्हणून इथे मागांची वस्ती झाली नाही. पण एका गिऱ्हाइकाने ओसरी दिली, मग दादा परत गेलेच नाहीत. ते आमच्याशी उर्दू बोलायचे आणि दुकानात अहिराणी. घरात "आपण मऊचे" म्हणायचे, मात्र मऊ त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नाही.

आता ओढ पश्चिमेला आहे. साक्रीवरून जाणारा रस्ता कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरमार्गे सुरतेला जातो. तिथे लिंबायत, उधना भागात अर्धा खानदेश भेटेल. पाटील, भिल्ल, मोमीन, सगळे कुणाच्या ना कुणाच्या हाताला धरून गेलेले. मात्र ओळख नेहमी भलं करते असं नाही. पिंपळनेरकडची भिल्ल आणि कोकणा कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात, माणूस म्हणून मोजतच नाहीत. त्यांना नेणारा मुकादमही ओळखीचाच, बऱ्याचदा नात्यातला. त्याने दिलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आमच्या मामूने सुतासाठी जामीन राहणं आणि मुकादमाने उचल देणं, दोन्हींच्या मुळाशी विश्वासच आहे. म्हणून बिरादरीचे गोडवे गाताना मी थोडा थांबतो.

पुतण्याचं काम शेवटी झालं. दादांचं नाव कुठेच नव्हतं, पण त्यांच्या धाकट्या भावाचं सापडलं, १९५० च्या दशकातल्या एका पानावर, शाईचा डाग पडलेलं. जातीच्या रकान्यात 'मोमीन' आणि पालकाचा धंदा 'विणकाम'. मी ते पान बराच वेळ बघत बसलो.

त्याच आठवड्यात सातवीतला एक मुलगा दाखला न्यायला आला. हुशार पोरगा, मराठीचं अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं. वडील सुरतेला लूमवर लागले, खोली चाचांनी बघून ठेवली होती. मी विचारलं, "तिथे शाळेत जाशील ना?" तो म्हणाला, "चाचा बोले हैं, देखेंगे." दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. आम्ही वर्षानुवर्षं तिथे एकच लिहितो, मी तेच लिहिलं : पालकांच्या विनंतीवरून.