कनेक्शन ‘सुरक्षित’ आहे, पण पलीकडे नेमकं कोण आहे? सी लायब्ररींच्या इंटरफेसमुळे झालेला घोळ

ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडली की वर पत्ता दिसतो. प्रमाणपत्रात काही गडबड असेल तर लाल अक्षरांतला इशाराही येतो. मोबाइल ॲपमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दुकानाच्या वेबसाइटचा सर्व्हर पेमेंट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा तर पाहायला माणूसही नसतो. पलीकडचा सर्व्हर खरा की तोतया, हे त्या वेळी प्रोग्रामनेच तपासायचं असतं. तपासणी राहून गेली तरी ॲप व्यवस्थित चालतं, पैसे जातात, संदेश पोहोचतात. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

ॲप लिहिणारा हा तपासणीचा कोड सहसा स्वतः लिहीत नाही. तो तयार लायब्ररी वापरतो आणि त्यातल्या बहुतेक जुन्या, सर्वत्र पसरलेल्या लायब्ररी सी भाषेत लिहिलेल्या आहेत : ओपनएसएसएल, ग्नूटीएलएस, लिबकर्ल वगैरे. लायब्ररीने बाहेरच्या प्रोग्रामला वापरण्यासाठी दिलेल्या फंक्शन्सचा संच म्हणजे तिचा इंटरफेस. आतलं गणित कितीही भक्कम असलं, तरी हा इंटरफेस फसवा असेल तर सगळं वाया जातं. हे अनेकदा घडलं आहे.

गुपित आणि ओळख

इंटरनेटवरच्या सुरक्षित कनेक्शनच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिचं जुनं नाव एसएसएल. ती दोन कामं करते. एक, मजकूर कुलूपबंद करणं, म्हणजे एन्क्रिप्शन. दोन, पलीकडच्याची ओळख पटवणं. लोक पहिल्या कामाबद्दल भरभरून बोलतात, पण दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. पाकीट लाखबंद केलं आणि दिलं भलत्याच्याच हातात, तर लाखेचा उपयोग काय? फुकटच्या वायफायवर मध्येच बसलेला भामटा तुमच्या ॲपशी अगदी उत्तम एन्क्रिप्शनने बोलू शकतो. तिकडे खऱ्या बँकेशीही तो तसंच बोलेल आणि मधला सगळा मजकूर वाचेल.

ओळख पटवण्यासाठी सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहायच्या असतात. ते आपल्या विश्वासातल्या संस्थेपर्यंत सह्यांच्या साखळीने पोहोचतं का? त्याची मुदत चालू आहे का? आणि ज्या नावाशी बोलायचं होतं, तेच नाव त्यावर आहे का? यातली तिसरी तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. भामट्याकडेही स्वतःच्या साइटचं अगदी खरं, मुदतीतलं प्रमाणपत्र असू शकतं. पहिल्या दोन चाचण्या तो आरामात पास होतो. तो अडकायला हवा तो नावापाशी.

नाव तपासायचं राहून का जायचं?

याचं उत्तर इंटरफेसच्या रचनेत आहे. ओपनएसएसएल वापरताना साधारण क्रम असा असायचा : प्रोग्रामने स्वतः नावावरून आयपी पत्ता शोधायचा, त्या पत्त्याशी कनेक्शन जोडायचं आणि जोडलेला सॉकेट, म्हणजे नुसता एक क्रमांक, लायब्ररीच्या हाती द्यायचा. आपल्याला कोणाशी बोलायचं होतं, हे लायब्ररीला कधी सांगितलेलंच नसायचं. मग ती नाव ताडून पाहणार कशाशी?

ते काम प्रत्येक प्रोग्रामरवर सोडलेलं होतं. नाव तपासणारं तयार फंक्शन ओपनएसएसएलमध्ये आलं १.०.२ या आवृत्तीत, जानेवारी २०१५ मध्ये. तोवर ही लायब्ररी पंधरा वर्षांहून अधिक काळ वापरात होती. दरम्यानच्या काळात ज्यांना आठवण होती त्यांनी तो कोड आपापल्या परीने लिहिला. बाकीच्यांनी लिहिलाच नाही.

ज्यांनी लिहिला त्यांच्यासाठी सी भाषेने एक खड्डा खणून ठेवला होता. सी भाषेत शब्द कुठे संपतो हे शून्य किमतीच्या बाइटवरून ठरतं. प्रमाणपत्रात मात्र नावाची लांबी आधी लिहिलेली असते, त्यामुळे नावाच्या मधोमधही शून्य बाइट बसू शकतो. समजा, भामट्याने अशा नावासाठी प्रमाणपत्र मागितलं : आधी बँकेचा पत्ता, मग शून्य बाइट, मग त्याचं स्वतःचं डोमेन. प्रमाणपत्र देणारी संस्था शेवटचं डोमेन पाहते. ते त्याचंच असतं, म्हणून ती सही करून मोकळी होते. सी भाषेतला नेहमीचा तुलना करणारा कोड मात्र शून्यापाशी थांबतो आणि त्याला फक्त बँकेचं नाव दिसतं! २००९ मध्ये ही युक्ती जाहीरपणे दाखवली गेली, तेव्हा ब्राउझरांनाही दुरुस्त्या कराव्या लागल्या. असला कोड हजार जणांनी हजार ठिकाणी लिहावा, अशी अपेक्षा ठेवणंच मुळात चूक होतं.

एका ‘ट्रू’ची गोष्ट

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने ब्राउझर नसलेल्या सॉफ्टवेअरमधली प्रमाणपत्र-तपासणी पाहिली आणि निष्कर्षाला नाव दिलं, ‘जगातला सर्वांत धोकादायक कोड’. त्यात सापडलेलं लिबकर्लचं उदाहरण इंटरफेस रचणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावं असं आहे.

लिबकर्लमध्ये तपासणीसाठी शेजारीशेजारी दोन सेटिंग होती. ‘व्हेरिफाय पीअर’ हे साखळी तपासण्यासाठी. त्याला फक्त हो किंवा नाही, म्हणजे १ किंवा ० चालायचं. दुसरं ‘व्हेरिफाय होस्ट’, नाव तपासण्यासाठी. त्याला मात्र तीन किमती होत्या. ० म्हणजे तपासू नका. २ म्हणजे नाव जुळतं का ते तपासा. आणि १ म्हणजे प्रमाणपत्रावर एखादं नाव आहे एवढंच पाहा, ते कुणाचंही असो.

आता पीएचपीमध्ये काम करणारा एखादा मन लावून काम करणारा प्रोग्रामर डोळ्यांपुढे आणा. त्याला सुरक्षा हवी आहे, म्हणून तो दोन्ही सेटिंगना ‘ट्रू’ देतो. पीएचपीतून सीमध्ये जाताना ‘ट्रू’चं १ होतं. पहिलं सेटिंग बरोबर बसलं, दुसऱ्याची नाव-तपासणी मात्र बंद पडली. गंमत म्हणावी की दुर्दैव, या सेटिंगची मूळ किंमत २ होती. त्याने हात लावला नसता तर सगळं ठीक असतं. पैशांच्या व्यवहारांसाठी ॲमेझॉन आणि पेपाल यांनी दुकानदारांना दिलेल्या कोडमध्येही संशोधकांना हा प्रकार सापडला.

कर्लच्या माहितीपत्रकात १ चा अर्थ स्पष्ट लिहिलेला होता. म्हणजे ‘वाचलं नाही, त्याची चूक’ असं म्हणता आलं असतं. कर्लने तसं केलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ७.२८.१ आवृत्तीपासून १ दिल्यास लायब्ररी चूक दाखवू लागली आणि २०१९ मधल्या ७.६६.० पासून १ आणि २ यांचा अर्थ एकच झाला. इतकी वर्षं लोक ‘ट्रू’ लिहून जे मागत होते, तेच अखेर त्यांना मिळालं.

शून्य म्हणजे काय, उणे एक म्हणजे काय

सी भाषेत शून्य म्हणजे खोटं आणि बाकी सगळं खरं. उणे एकसुद्धा खरंच. आता एखादं फंक्शन ‘सही बरोबर’साठी १, ‘सही चूक’साठी ० आणि ‘तपासताच आली नाही’ यासाठी -१ देत असेल, तर ‘शून्य नाही ना, मग ठीक’ असं लिहिणारा कोड -१ लाही पास करून टाकतो. जानेवारी २००९ मध्ये ओपनएसएसएलने नेमकी अशी चूक जाहीर केली. ती खुद्द ओपनएसएसएलच्याच कोडमध्ये होती. लायब्ररी लिहिणारेच आपल्या फंक्शनच्या उत्तरात गफलत करत असतील, तर बाहेरच्यांना काय बोल लावणार? मार्च २०१४ मध्ये ग्नूटीएलएसमध्येही याच जातीचा घोळ उघडकीस आला.

ओपनएसएसएलचा आणखी एक नमुना. तपासणीचा निकाल विचारणारं एक फंक्शन आहे. पलीकडच्याने प्रमाणपत्रच दिलं नसेल, तरी ते ‘सर्व ठीक’ असं उत्तर देतं. म्हणून आधी प्रमाणपत्र आलं का, हे वेगळं विचारावं लागतं. हे माहितीपत्रकात ‘दोष’ या मथळ्याखाली प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे, एवढंच समाधान.

लिबटीएलएस : कमी विचारा, जास्त नकार द्या

७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड ही ओपनएसएसएलमधली चूक जाहीर झाली. एका विनंतीमागे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर काढता येत होता आणि ती २०१२ पासून कोडमध्ये होती. ही इंटरफेसची चूक नव्हती, पण तिच्यामुळे ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गटाने ओपनएसएसएलची वेगळी शाखा काढली. तिचं नाव लिबरएसएसएल. जुना कोड साफ करता करता त्यांनी त्यावर एक नवा, छोटा इंटरफेस बांधला. तोच लिबटीएलएस.

त्याची कल्पना सरळ आहे. जोडणी करायची तर प्रोग्रामने यजमान सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्यायचा. पत्ता शोधणं, जोडणं, साखळी, मुदत आणि नाव तपासणं हे सगळं लायब्ररी करते. तपासणी ‘चालू’ करावी लागत नाही, ती असतेच. आधीच जोडलेला सॉकेट द्यायचा असेल तरी त्याच फंक्शनमध्ये सर्व्हरचं नाव द्यावं लागतं. नावाची जागा रिकामी ठेवली तर लायब्ररी ‘नाव दिलेलं नाही’ असं सांगून काम थांबवते. विसरायची सोयच ठेवलेली नाही, असं म्हणायला हरकत नाही.

तपासणी बंद करता येते का? येते. चाचणीसाठी ते कधीकधी लागतं आणि सोय दिली नाही तर लोक लायब्ररीच फोडतात. पण त्या फंक्शनच्या नावातच ‘इनसिक्युअर’ हा शब्द घातलेला आहे. साखळीसाठी वेगळं, नावासाठी वेगळं, मुदतीसाठी वेगळं. कोड तपासणाऱ्याने सगळ्या फायलींत तो एक शब्द शोधला की कुठे कुठे दार उघडं ठेवलंय ते लगेच कळतं. ‘ट्रू’च्या जागी बसलेला १ असा सापडत नाही.

हा मुद्दा किरकोळ वाटत असेल, तर जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये केलेली पाहणी बघा. त्यांनी १३,५०० मोफत अँड्रॉइड ॲप्सचा कोड चाळला. त्यातल्या १,०७४ ॲप्समध्ये कोणतंही प्रमाणपत्र किंवा कोणतंही नाव स्वीकारणारा कोड होता. ही ॲप्स सी भाषेतली नव्हती, पण रोग तोच. चाचणीच्या सर्व्हरला खरं प्रमाणपत्र नसतं, म्हणून तपासणी बंद केली जाते आणि मग तसंच ॲप लोकांच्या फोनवर जातं.

उत्तरांचाही गोंधळ लिबटीएलएसने कमी केला. बहुतेक फंक्शन्स यशासाठी ० आणि अपयशासाठी -१ देतात आणि काय बिघडलं ते वाचता येईल अशा वाक्यात मिळतं. शिवाय लायब्ररीच्या आतली रचना प्रोग्रामला दिसतच नाही. त्याच्या हाती फक्त एक पॉइंटर असतो. यामुळे आतला कोड बदलला तरी बाहेरचे प्रोग्राम मोडत नाहीत. ओपनएसएसएलने हेच २०१६ मध्ये १.१.० आवृत्तीत केलं, तेव्हा आतल्या रचनेत थेट हात घालणारे कितीतरी प्रोग्राम दुरुस्त करावे लागले.

इंटरफेस जिथे हात टेकतो

लिबटीएलएस सगळ्यांना पुरत नाही. खास हार्डवेअरमधल्या चाव्या किंवा वेगळ्या धाटणीच्या जोडण्या हव्या असतील तर ओपनएसएसएलचा अवाढव्य इंटरफेसच कामी येतो. जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर आजही त्यावरच उभं आहे. आणि तिथे क्लायंटसाठी तपासणी मुळात अजूनही बंदच असते. प्रोग्रामरने ती स्वतः चालू करायची आणि नावही स्वतः द्यायचं.

शिवाय, विश्वास कोणावर ठेवायचा हा प्रश्न लायब्ररीच्या बाहेरचा आहे. जुलै २०१४ मध्ये भारतात हे दिसलं. नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती. तिच्या वरची भारत सरकारची मूळ संस्था मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत असल्याने विंडोजवरच्या अनेक प्रोग्राम्सना ती खरी वाटली असती. फायरफॉक्स स्वतःची यादी वापरतो आणि तीत ही संस्था नव्हती, म्हणून तो वाचला. साखळी, मुदत, नाव सगळं बरोबर, तरी प्रमाणपत्र खोटंच! अशा वेळी लायब्ररीने एवढंच करायचं असतं : कोणती यादी वापरली जातेय ते उघड ठेवायचं आणि ती बदलणं सोपं करायचं.

कुठलीही लायब्ररी वापरा, जोडणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. ती नको तिथे मोडते का, हे पाहावं लागतं. त्यासाठी बॅडएसएसएल डॉट कॉम नावाची साइट आहे. तिच्या एका पत्त्यावर मुदत संपलेलं प्रमाणपत्र आहे, दुसऱ्यावर चुकीच्या नावाचं, तिसऱ्यावर सर्व्हरने स्वतःच सही केलेलं. आपला प्रोग्राम एकेका पत्त्याकडे वळवायचा. तिन्ही ठिकाणी तो अडला, तर या तीन तपासण्या चालू आहेत. कुठे मुकाट्याने जोडला गेला, तर तीच तपासणी गायब आहे.