मनीप्लँटचं मूळ गाव

चंद्रपूरच्या आमच्या घरी कूलरच्या खिडकीपाशी मनीप्लँट होता. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर, तुळससुद्धा मान टाकायची, पण हा पठ्ठ्या कूलरच्या ओल्या हवेत मजेत. आईने त्याची कांडी शेजारच्या काकूंना न विचारता तोडून आणलेली. (चोरून आणला तरच पैसा येतो म्हणे. पैसा आला नाही, वेल मात्र छताला टेकली.) पुढे ते घर विकलं. आता त्याच वेलीची कांडी पुण्यात माझ्या खिडकीत, बाटलीत आहे.

परवा आलापल्लीहून मामाचा फोन. "येतांना एक कांडी आण, घरामागच्या सागावर चढवतो." हो म्हटलं आणि सवयीप्रमाणे इतिहास शोधत बसलो. रविवार गेला!

तर मंडळी, हा गडी मुळात ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा. १८८० मध्ये युरोपात बारसं झालं, 'पोथॉस ऑरियस'. गाव मात्र चुकून सॉलोमन बेटं समजलं गेलं. अळूच्या कुळातली झाडं पक्की ओळखायची तर फुलं लागतात, आणि हा फुलतच नाही. १९०८ मध्ये तो सिंडाप्सस झाला. १९६२ मध्ये फ्लोरिडात एक वेल चक्क फुलली, तेव्हा आधी ऱ्हाफिडोफोरा आणि १९६४ मध्ये 'एपिप्रेम्नम ऑरियम'. व्हर्जन ४.०, अजून तरी स्टेबल. फुलं का नाहीत, ते २०१६ मध्ये कळलं. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं एक जनुक नीट चालत नाही. बग!

फूल नाही, म्हणजे बी नाही. मोरेआ ते चंद्रपूर हा प्रवास माणसांच्या हातून, कांडी-कांडीने झालाय. आईची चोरी त्यातलीच.

पण बाटलीतला हा भिडू झाडावर चढला की पानं हातभर होतात, फाटतात, आणि तुटलेल्या पेरालाही मूळ फुटतं. हवाई आणि श्रीलंकेत असाच तो बागेतून जंगलात शिरला. आणि आलापल्लीत तर ६ हेक्टरचं ते जुनं राखीव जंगल आहे, 'वैभव', २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालेलं.

मामाला परत फोन लावला. "काहून बाप्पा, एका वेलीनं जंगलाचं का होते?" श्रीलंकेचं सांगितलं. जरा वेळ गप्प. शेवटी तह झाला. कांडी नेतोय, पण बाटलीसकट. खिडकीत उजेडाला ठेव म्हटलं, अंधारात पिवळे पट्टे जातात.