परका घेवडा, आपले पाणी

दिवाळीचे चार दिवस आपण जिभेला गोडाधोडाची सवय लावतो, आणि पाचव्या दिवशी तीच जीभ रुसून बसते. करंज्यांचा डबा समोर उघडा असतो, पण हात तिकडे वळत नाही. अशा वेळी, म्हणजे भाऊबीजेच्या रात्री, आमच्या दौंडच्या घरात कोणी कोणाला न सांगता एक गोष्ट घडते. पातेल्यात वाटीभर घेवडा भिजत पडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजरीची गरम भाकरी, घेवड्याची झणझणीत आमटी आणि बुक्कीने फोडलेला कांदा पानात आला, की चार दिवस नुसते चाखत असलेली मंडळी खऱ्या अर्थाने जेवायला बसतात.

घेवडा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर कोवळ्या हिरव्या शेंगांची भाजी येईल. तो श्रावणघेवडा. मी म्हणते तो त्याच कुळातला, शेंग वेलावर वाळू दिल्यानंतर हाती येणारा दाणा. वाणी त्याला ‘चित्रा राजमा’ म्हणतो. फिकट अंगावर तांबूस ठिपके. जणू कोणी फुरसतीने कुंचला झटकला आहे. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे याचाच एक भाऊ पिकतो. त्याच्या अंगावर वाघासारखे लाल पट्टे असतात, म्हणून तो वाघ्या घेवडा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मेक्सिकोकडे याच जातीच्या ठिपकेदार दाण्याला ‘पिंटो’ म्हणतात, आणि त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ काय, तर रंगवलेला, चितारलेला. सात समुद्रांपलीकडच्या माणसाने आणि आमच्या वाण्याने एकमेकांना न विचारता एकाच दाण्याला एकच नाव ठेवले, याची मला मोठी गंमत वाटते.

मात्र हा दाणा मूळचा आपला नव्हे. मेक्सिकोत आणि पेरूच्या डोंगराळ मुलखात तेथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी शेतात आणला. १४९२ साली कोलंबसाची जहाजे तिकडे पोचली, त्यानंतरच तो बाकीच्या जगाला ठाऊक झाला. आपली मिरचीही त्याच मुलखातली. म्हणजे घेवड्याची झणझणीत आमटी हे ज्याला आपण अस्सल मराठी जेवण समजतो, त्यातला दाणाही पाहुणा आणि तिखटही पाहुणे. पाहुणा घरचा कसा होतो, हे सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, एका लहानशा शाळेतली बाई, कादंबऱ्या लिहिते. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. पण चुलीपाशी जो इतिहास शिजतो, त्याला पदवी लागत नाही.

माझे माहेर शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे. सासर दौंडचे, भीमेच्या काठचे. लग्न होऊन मी आले त्या पहिल्याच थंडीत मामंजींनी रेल्वेतल्या दोन सोबत्यांना जेवायला बोलावले. त्यातले एक पंजाबकडचे, राजम्यावर वाढलेले. माझ्या आईच्या हातचा घेवडा शिरूरात नावाजलेला, तेव्हा मी पदर खोचून म्हटले, “आत्याबाई, आज आमटी मी करते.” त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या.

त्या दिवशी नळाला पाणी आले नव्हते. मी अंगणातल्या बोअरच्या पाण्यात दाणे भिजवले, त्याच पाण्यात शिजत घातले आणि चव लवकर मुरावी म्हणून चिंचेचा कोळही आधीच ओतला. तासाचे दोन तास झाले. रस्सा असा सुंदर दिसत होता, की फोटो काढावा. पण दाणा बोटाने दाबावा, तर तो खडीसारखा टणक! पाहुणे हातपाय धुऊन पाटावर बसले होते. मी तशीच आमटी वाढली. पंजाबी पाहुण्यांनी सभ्यपणे सगळी वाटी संपवली, दोनदा “छान” म्हटले, आणि रात्री त्यांचे पोट असे बिघडले, की दुसऱ्या दिवशीची ड्यूटी चुकली. मी न्हाणीघरात जाऊन रडले. उरलेली आमटी उकिरड्यावर टाकावी म्हणून सकाळी पातेले उचलले, तोच सासूबाईंनी माझा हात धरला.

“टाकू नगं. दाना हाय त्यो. दोष पान्याचा हाय, दान्याचा न्हाई.”

त्यांनी आंबट रस्सा ओतून काढला, दाणे दोनदा धुतले, नळाच्या गोड्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पुन्हा चुलीवर चढवले आणि झाकण ठेवून त्या स्वस्थ बसल्या. तासाभराने तोच दाणा बोटात लोण्यासारखा दबला. मला एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी त्यामागची कारणे मी पुस्तकांत वाचली, तेव्हा सासूबाईंना न वाचता सगळे ठाऊक होते, एवढेच मला नव्याने कळले.

कारण असे, की जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. दाण्याच्या सालीत पेशींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. क्षार त्याला जाऊन मिळाले, की साल सिमेंटसारखी घट्ट होते. आंबटाचाही परिणाम तोच. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडले, की दाणा अडून बसलाच. उलट भिजवताना पाण्यात थोडे मीठ घातले, तर सालीतला चुना सुटतो आणि ती मऊ होते. चिमूटभर सोड्यानेही दाणा लवकर शिजतो. चिमटीची मूठ झाली, तर मात्र आमटीला साबणाची चव येते. आणि पाहुण्यांचे पोट बिघडले, तेही उगाच नव्हे. कच्च्या घेवड्यात एक विषारी द्रव्य असते. दाणे भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळाखळा उकळले, तरच ते मरते. नुसत्या मंद आचेवर ठेवलेला, अर्धाकच्चा घेवडा पोटाला बाधतो. हे मी माझ्या अनुभवाने सांगते. तुम्ही तो घेऊ नये.

पण सासूबाईंनी माझा हात धरला तो एवढ्याशा शास्त्रासाठी नव्हे. ती गोष्ट त्यांनी मला फार उशिरा, एका दुपारी हुलगे निवडताना सांगितली.

१९७२ सालचा दुष्काळ. सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. घरातली सगळी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. त्याची भाकरी धड थापता येत नसे. घरात धाकटी भावंडे भुकेने किरकिर करत, आणि माळ्यावर एक गाडगे होते. त्यात राखेत घोळवलेले हुलगे, तोंड शेणामातीने लिंपलेले. पुढच्या पावसाचे बी. एका रात्री धाकट्या भावाचे रडे ऐकवेना, म्हणून सासूबाईंनी ते गाडगे खाली काढले. त्यांच्या आईने हातातून ते काढून घेतले, लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिलाच पोटाशी धरून ती रात्रभर रडली. गाडगे फुटले नाही. १९७३ साली पाऊस आला आणि ते हुलगे जमिनीत गेले. “त्या दिसापासनं,” सासूबाई म्हणाल्या, “शिजला न्हाई म्हनून दाना फेकायचा, हे मला बघवत न्हाई.”

हुलगा हा आमच्या मुलखाचा खरा मूळपुरुष. घेवड्याला पाणी हवे. हुलगा थोड्या पावसावर, हलक्या बरड जमिनीत उभा राहतो. त्याचे शेंगोळे आणि त्याचे माडगे यांवर आमच्या मागच्या किती पिढ्या हिवाळे काढत आल्या! किती, याचा अंदाज हवा असेल, तर शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जावे. घोड नदीच्या काठी तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली शंभरावर घरे तिथे सापडली. घरांत चुली, धान्य साठवायची पेवे आणि रांजण. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला चर आणि घातलेला बांध. आणि त्या घरांत जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. त्यांत सातू होता, मसूर होता, वाल होता आणि आपला हुलगाही होता.

हे वाचले, तेव्हा मला त्या चुलीपाशी बसलेली बाई दिसली. तीन हजार वर्षांपूर्वी तीही पाण्याची वाट पाहत असणार, तिच्याही पेवात पुढच्या पावसाचे बी असणार, आणि तिच्याही लेकराचे कधी तरी रडे ऐकवेनासे झाले असणार. इनामगावच्या अखेरच्या काळात पाऊस ओसरला, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे संशोधक सांगतात. दुष्काळ आमच्याकडे १९७२ साली प्रथम आला नाही.

हुलगा माणसांनी खाल्ला तसा घोड्यांनीही खाल्ला. भीमेच्या खोऱ्यातली काटक भीमथडी तट्टे मराठ्यांच्या फौजांत प्रसिद्ध होती. पुढे इंग्रजांनी शिरूरला छावणी केली; १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली, ती शिरूरहूनच. त्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली शिरूरला वारला. त्याची कबर आमच्या गावात आहे. या परमुलखातल्या शिपायाला शिरूरकरांनी ‘सत्पुरुष’ ठरवले. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे, की सुगीला आसपासचे शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणतात. राज्यकर्त्यांविषयी लोकांच्या मनात काय काय होते, तो हिशेब वेगळा. पण जो या मातीत मिसळला, त्याला पहिला घास द्यायचा, ही आमच्या मुलखाची रीत त्यातून दिसते.

घेवड्याचे तेच झाले. १८५८ साली रेल्वे पुण्याला आली आणि पुढे दौंडवरून सोलापूरकडे गेली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. गाड्यांबरोबर देशोदेशीची माणसे आली, त्यांच्याबरोबर त्यांची कडधान्ये आली. नंतर कालव्यांचे पाणी शेतांत खेळले. दौंडकडे ऊस आला, गुऱ्हाळे धुरावली, शिरूरकडे घोड धरणाचे पाणी आले, आणि हुलगा बांधाच्या कडेला सरकला. आज ज्या घरात हुलगा रोजचा होता, तिथे तो औषधासारखा आणावा लागतो. मला याचे वाईट वाटते. पाणी आले याचे वाईट कोण वाटून घेईल? एवढेच, की गाडगे लिंपायची विद्या विसरू नये.

आता पाककृती. वाटीभर चित्रा घेवडा निवडून, धुऊन, चमचाभर मीठ घातलेल्या गोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी ते पाणी फेकावे. नव्या पाण्यात दहा मिनिटे मोठ्या आचेवर उकळावा आणि मग झाकण ठेवून मंदावर तासभर, दाणा मोडेल इतका शिजू द्यावा. कुकरात चार-पाच शिट्ट्या. तोवर कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून लसणीबरोबर वाटावे. तेलात जिरे, हिंग आणि ठेचलेल्या लसणीची फोडणी करावी. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे आणि घरचा कांदा-लसूण मसाला घालावा. घेवडा आपल्या शिजल्या पाण्यासकट त्यात ओतावा, कारण अर्धी चव त्या पाण्यात असते. पळीभर दाणे पळीनेच चेचले, की रस्सा आपोआप दाट होतो. शेवटी, अगदी शेवटी, चिंच आणि गुऱ्हाळाच्या गुळाचा खडा. दहा मिनिटे उकळून कोथिंबीर.

सासूबाईंना आता चुलीपाशी बसवत नाही. मागच्या दिवाळीत त्यांनी पानावर पहिला घास घेतला, दाणा जिभेवर दाबून पाहिला आणि मला विचारले, “पानी कंचं घातलंस?”

“नळाचं, आत्याबाई.”

“मंग झालं,” त्या म्हणाल्या. “आता तू हितलीच झालीस.”

माझ्या माहेरची घोड नदी पुढे वाहत जाऊन सासरच्या भीमेला मिळते. हे भूगोलात मी मुलांना दर वर्षी शिकवते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी पानावर कळला.