ऋषिऋणाची फेड

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे घेऊन, असे आपले शास्त्रकार सांगतात. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने. यांतील ऋषिऋणाचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. ते ज्याच्यापासून घेतले त्याला परत करावयाचे नसते. मागाहून येणाऱ्या कोणा अनोळखी मुलाच्या पदरात ते टाकावयाचे असते. परंतु गुरु परधर्माचा असेल तर काय करावे? त्याची विद्या घ्यावी आणि त्याचा धर्म घेऊ नये, यात कृतघ्नता आहे काय? एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आपल्या प्रांतात निघाल्यापासून हा प्रश्न अनेकांच्या मनास टोचत आला आहे. त्याचे एक उत्तर आम्हांस खानदेशच्या एका कवीच्या चरित्रात सापडते.

रंगावलीकाठचे नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. विसाव्या शतकाच्या आरंभी हा सर्व मुलूख एकाच खानदेश जिल्ह्यात होता. धरणगावी १८९० साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा वडिलांच्या पोलिस खात्यातील फिरत्या नोकरीमुळे नवापुरास येऊन राहिला, आणि वयाच्या तेराव्या वर्षी येथील रानाच्या सान्निध्यात त्याने ‘वनमुकुंद’ ही आपली पहिली कविता लिहिली. पुढे १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांची कविता ऐकून त्यांनी त्यांस ‘बालकवी’ ही पदवी दिली. टाळ्या सर्वांनीच वाजविल्या असतील. पण टाळ्यांनी कोणाचे पोषण होत नाही. त्या सभेस उपस्थित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मात्र पुढे या मुलास नगरास आपल्या घरी ठेवून घेतले.

टिळकांचे स्वतःचे ऋण दुहेरी होते. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांचा स्नेह लाभला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही आग्रहपूर्वक एका देशी पाळकाच्या हातून. या निर्णयाची किंमत त्यांच्याहून अधिक त्यांच्या पत्नीने मोजली. लक्ष्मीबाईंस कित्येक वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढावी लागली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अशा पोळून निघालेल्या घरात ठोंबरे येऊन राहिले.

येथे संशयी वाचक विचारील की, ब्राह्मणाचा हुशार पोर घरात ठेवण्यात पाद्र्याचा हेतु दुसरा काय असणार? हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. मिशनच्या शाळा-इस्पितळांमागे धर्मप्रसाराची इच्छा होती, ती मिशनऱ्यांनी कधी लपविली नाही, आणि टिळकही धर्मोपदेशकच होते. पण फळाकडे पाहावे. ठोंबरे त्या घरी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या हातून आले ते ‘फुलराणी’, ‘निर्झरास’, ‘औदुंबर’. ज्याच्या आंगी काव्य आहे त्याला काव्यच करू द्यावे, एवढा संयम त्या गुरूपाशी होता. शिष्याला आपली प्रतिकृति बनविण्याचा मोह ज्याला आवरतो, त्याचेच ऋण मोकळेपणाने घेता येते, असे आम्हांस वाटते.

नगरच्या मिशनपुरती ही रीत टिळकांहूनही जुनी होती. मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंची नगर येथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले आणि १८४८ साली त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. फुले दांपत्यही ख्रिस्ती झाले नाही. त्यांनी आपले ऋण पुण्याच्या मुलींस शिकवून फेडले. त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. त्याच ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे आले.

बालकवींस मात्र हे ऋण फेडण्यास आयुष्य पुरले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. गुरु-शिष्य दोघेही गेल्यावर खाते कोण चालविणार? ते लक्ष्मीबाईंनी चालविले. लग्नानंतर पतीने ज्यांस लिहावयास-वाचावयास शिकविले, त्या बाईंनी पतीच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे चौसष्ट अध्याय रचले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून आपल्या घरी वावरलेल्या ठोंबऱ्यांसही मराठी वाचकाच्या घरी कायमचे आणून बसविले. अॅबट यांची गोष्टही अशीच. १९१० साली निवृत्त होऊन ते अमेरिकेस परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांचे वाङ्मय इंग्रजीत आणण्यास वाहिले. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक म्हणत. त्या वाटेने त्यांचे गुरुजी उलट दिशेने चालत आले, असे म्हटल्यास चूक होणार नाही. गुरु कोण आणि शिष्य कोण, याचा हिशेब अशा ठिकाणी चुकतो, आणि तो चुकावा हेच बरे.

आज या जिल्ह्यात बहुसंख्य वस्ती आदिवासींची आहे. नवापुराच्या आसपासची कित्येक मुले घरी मावची किंवा भिली बोलतात आणि मराठी त्यांस शाळेतच भेटते. त्यांच्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदु आहेत, आपल्या जुन्या देवांस भजणारीही आहेत. कोणता मुलगा कोणत्या धर्माचा, याची चौकशी आज हिरिरीने होते. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर काय लिहिले आहे, याची मात्र फारशी होत नाही. आम्हां शिक्षकांस टिळकांचे ऋण मान्य असेल, तर त्यांच्या नावे समारंभ करण्याआधी ती वही मागून घ्यावी, वाचावी, आणि लागल्यास त्या मुलाची आपल्या घरी राहण्या-जेवण्याची सोय करावी. नंतर तो कोणाच्या देवळात जातो, हे त्याच्यावर सोडावे.