प्रेशर वॉशिंग व्यवसाय: रसायन फवारणीची उपकरणे, कर्ज-अनुदान आणि झाशी छावणीतील परवानग्या

ही माहिती कोणासाठी आहे?

झाशी छावणी आणि झाशी शहर परिसरात इमारती, गच्च्या, फरशी, पाण्याच्या टाक्यांचा बाहेरचा भाग किंवा वाहने दाबाच्या पाण्याने धुऊन देण्याचा सेवा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहणारी मराठी कुटुंबे, तसेच सैन्यातून निवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले माजी सैनिक यांना ती विशेष उपयोगी पडेल.

या व्यवसायासाठी अर्ज करताना प्रकल्प अहवालात बहुधा फक्त प्रेशर वॉशर यंत्राची किंमत लिहिली जाते. शेवाळ, तेलाचे डाग व काळा थर मात्र नुसत्या पाण्याच्या दाबाने पूर्ण निघत नाही. रसायन योग्य प्रमाणात लावावे लागते. ते लावण्याची उपकरणे प्रकल्प खर्चात धरली नाहीत, तर कर्ज मंजूर झाल्यावर ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात. मग मिळेल त्या पंपाने किंवा मगाने रसायन टाकले जाते आणि अपघात होतात. म्हणून आधी उपकरणे समजून घ्यावीत आणि त्यानंतर योजनेचा अर्ज भरावा.

रसायन लावण्याच्या उपकरणांचे प्रकार

१. पंपानंतर बसणारा इंजेक्टर: हा यंत्राच्या पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला बसवतात. पाण्याच्या वेगामुळे निर्माण होणाऱ्या ओढीने कॅनमधील रसायन पाइपात खेचले जाते. रसायन पंपातून जात नाही, त्यामुळे पंप सुरक्षित राहतो. मोठ्या तोंडाचे साबणाचे नोझल (बहुधा काळ्या रंगाचे) लावल्यावरच तो काम करतो. लाल, पिवळे, हिरवे किंवा पांढरे नोझल लावल्यास दाब वाढतो आणि रसायन ओढले जात नाही. भिंती व फरशीच्या नेहमीच्या कामाला हा सर्वांत स्वस्त आणि सोयीचा पर्याय आहे.

२. पंपाआधी बसणारा इंजेक्टर: यात रसायन पंपातून जाते. त्यामुळे पितळी भाग, सील आणि झडपा लवकर खराब होतात. क्लोरीनयुक्त द्रव किंवा आम्लासाठी हा प्रकार वापरू नये.

३. फोम गन: गनच्या पुढे बाटली असते आणि दाट फेस तयार होतो. वाहने, शटर व काचेसाठी उपयुक्त. बाटली लहान असल्याने मोठ्या भिंतीच्या कामात वेळ जातो.

४. हाताने दाब भरण्याचा किंवा बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप: मिश्रण आधीच तयार करून टाकीत भरतात, त्यामुळे प्रमाण नेमके राहते. डागांवर नेमकी फवारणी करता येते. शेतात कीटकनाशकासाठी वापरलेला पंप या कामाला कधीही घेऊ नये.

५. बारा व्होल्टचा डायफ्रॅम पंप आणि स्वतंत्र टाकी: यालाच व्यवसायात ‘सॉफ्ट वॉश’ म्हणतात. कमी दाबाने तीव्र मिश्रण थेट लावता येते. जुनी गच्ची, कौले आणि नाजूक गिलावा यांसाठी हाच प्रकार योग्य.

कोणते उपकरण घ्यावे? आधी प्रमाण मोजा

कामाला किती तीव्रतेचे मिश्रण लागते आणि उपकरण किती तीव्रतेचे देऊ शकते, यावर निवड ठरते.

बाजारात मिळणारा सोडियम हायपोक्लोराइट (हायपो) ताजा असताना साधारण १० ते १२ टक्के असतो. भिंतीवरच्या हलक्या शेवाळाला सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी तीव्रता पुरते. गच्चीवरच्या जुन्या काळ्या थराला २ ते ३ टक्के लागू शकते.

इंजेक्टर खरोखर किती रसायन ओढतो, हे घरीच मोजता येते:

• मापाच्या भांड्यात १ लिटर साधे पाणी घ्या आणि इंजेक्टरची नळी त्यात सोडा.
• साबणाचे नोझल लावून यंत्र चालू करा आणि गनमधून येणारे सगळे पाणी बादलीत जमा करा.
• १ लिटर संपेपर्यंत बादलीत एकूण किती लिटर जमले ते मोजा.

समजा बादलीत १५ लिटर जमले. म्हणजे १५ भागांत १ भाग रसायन. कॅनमध्ये १० टक्के हायपो असल्यास भिंतीवर पडणारे मिश्रण १० भागिले १५, म्हणजे सुमारे ०.६७ टक्के होईल. हलक्या शेवाळाला ते चालेल. गच्चीला २ टक्के हवे असेल तर या इंजेक्टरने ते कधीच मिळणार नाही; कॅनमध्ये आणखी रसायन ओतूनही फरक पडत नाही. अशा कामाला पाठीवरचा पंप किंवा बारा व्होल्टचा पंप लागतो. तेथे २० लिटर मिश्रणासाठी १० टक्क्यांचा ४ लिटर हायपो आणि १६ लिटर पाणी घ्यावे.

म्हणूनच भिंती आणि गच्च्या अशी दोन्ही कामे घेणाऱ्याने इंजेक्टर आणि थेट फवारणीचा एक पंप, अशी दोन्ही उपकरणे प्रकल्प अहवालात दाखवावीत.

उपकरणाचा माल कोणता असावा?

• टाकी व कॅन: जाड प्लास्टिकचे (एचडीपीई). हायपो लोखंडी किंवा पितळी भांड्यात ठेवू नये.
• सील: तेल काढणाऱ्या कॉस्टिकयुक्त द्रवासाठी ईपीडीएम रबर चांगले. व्हिटॉन सील तीव्र कॉस्टिकमध्ये खराब होते. खरेदीपूर्वी कोणते रसायन वापरणार हे विक्रेत्याला सांगावे.
• गाळणी आणि एकदिशी झडप: ओढनळीच्या टोकाला गाळणी हवी. रसायन उलट पाण्याच्या नळात जाऊ नये म्हणून पुरवठ्याच्या बाजूला एकदिशी झडप बसवावी.
• सुटे भाग: इंजेक्टर, सील संच व ओढनळी यांचा एक जादा संच दरपत्रकात धरावा.

काम संपल्यावर प्रत्येक उपकरणातून काही मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. इंजेक्टर रसायन ओढत नसेल, तर नोझल बरोबर आहे का, ओढनळीतून हवा शिरते का, गाळणी तुंबली आहे का आणि आतील गोळी चिकटली आहे का, हे याच क्रमाने पाहावे. पाइप खूप लांब असल्यासही ओढ कमी होते.

सुरक्षितता: या तीन चुका जिवावर बेततात

१. हायपो आणि आम्ल एकत्र करणे. स्वच्छतागृहाच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते हायपोत मिसळताच विषारी क्लोरीन वायू निघतो. एकाच पंपात आधी आम्ल आणि नंतर हायपो भरल्यानेही हे घडते. दोन्हींसाठी वेगळ्या रंगाचे वेगळे पंप ठेवावेत. अमोनियायुक्त द्रवही हायपोत मिसळू नये.

२. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिकमध्ये पाणी ओतणे. आधी पाणी घ्यावे आणि त्यात रसायन हळूहळू सोडावे. उलट केल्यास मिश्रण उसळून अंगावर येते.

३. पाण्याच्या जुन्या बाटलीत रसायन ठेवणे. प्रत्येक कॅनवर नाव, तीव्रता आणि खरेदीची तारीख मराठी व हिंदीत लिहावी. कामगार बहुधा हिंदी वाचणारे असतात.

गॉगल, रसायनरोधक हातमोजे, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हा खर्चही प्रकल्पात धरावा. डोळ्यात किंवा त्वचेवर रसायन गेल्यास किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ वर फोन करावा.

झाशीच्या उन्हाळ्याबाबत विशेष सूचना: मे-जूनमध्ये येथे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. उष्णता आणि प्रकाशामुळे हायपो लवकर विघटित होतो. पत्र्याच्या खोलीत महिनाभर ठेवलेला कॅन लेबलवरच्या तीव्रतेचा राहत नाही. उन्हाळ्यात आठवडाभर पुरेल एवढाच साठा घ्यावा, तो सावलीत ठेवावा आणि फवारणी सकाळी लवकर करावी. भर उन्हात मिश्रण भिंतीवर वाळते आणि डाग पडतात.

कोणत्या योजनेतून मदत मिळू शकते?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी)

• सेवा व्यवसायासाठी प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा २० लाख रुपये.
• वय १८ वर्षांहून अधिक. सेवा प्रकल्प ५ लाखांपेक्षा मोठा असल्यास किमान आठवी उत्तीर्ण.
• फक्त नव्या व्यवसायासाठी. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ.
• शहरी भागात सर्वसाधारण प्रवर्गाला १५ टक्के अनुदान. स्वतःचा वाटा १० टक्के.
• शहरी भागात विशेष प्रवर्गाला २५ टक्के अनुदान. स्वतःचा वाटा ५ टक्के. महिला, माजी सैनिक, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग व तृतीयपंथी विशेष प्रवर्गात येतात.
• ग्रामीण भागात हेच अनुदान अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के.

उदाहरण: एका माजी सैनिकाचा झाशी छावणीतील प्रकल्प ३ लाख रुपयांचा आहे. स्वतःचा वाटा १५,००० रुपये, बँक कर्ज २,८५,००० रुपये आणि अनुदान ७५,००० रुपये. अनुदान लगेच हातात मिळत नाही. ते ३ वर्षे बँकेत अर्जदाराच्या नावे ठेव म्हणून राहते आणि व्यवसाय चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर कर्जात वळते होते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज आकारत नाही. पडताळणीत दरपत्रकातील उपकरणे जागेवर दिसली नाहीत, तर अनुदान अडू शकते. म्हणून बिले, अनुक्रमांक आणि उपकरणांची छायाचित्रे जपून ठेवावीत.

ही योजना २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी मंजूर झाली होती. अर्ज करण्यापूर्वी पोर्टलवर चालू स्थिती पाहावी.

मुद्रा योजना

अनुदान नाही, पण तारणाशिवाय कर्ज मिळते. शिशु ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. पाठीवरचा पंप, फोम गन आणि लहान यंत्र घेऊन सुरुवात करणाऱ्यास शिशु किंवा किशोर गट सोयीचा. आधीपासून व्यवसाय चालू असलेल्यांनाही कर्ज मिळते.

मुख्यमंत्री युवा उद्यमी विकास अभियान (उत्तर प्रदेश)

उत्तर प्रदेशचे रहिवासी, वय २१ ते ४० आणि किमान आठवी उत्तीर्ण असणाऱ्यांसाठी ५ लाख रुपयांपर्यंत व्याजमुक्त कर्ज. कौशल्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते.

छावणीतील परवानग्या

झाशी छावणीचा कारभार छावणी अधिनियम २००६ नुसार छावणी परिषद पाहते. झाशी महानगरपालिकेचा परवाना येथे लागू होत नाही. व्यवसाय परवान्यासाठी ई-छावणी पोर्टलवर अर्ज करता येतो.

• रसायन साठवण्याची जागा अर्जात स्पष्ट लिहावी.
• जुन्या बंगल्यांत चुन्याचे बांधकाम असते. आम्ल चुना विरघळवते आणि जास्त दाबाने सांधे उखडतात. अशा ठिकाणी कमी दाबाची फवारणी करावी. कामाआधी ताबेदाराची लेखी संमती घ्यावी.
• लष्करी इमारतींत यंत्र, रसायन आणि कामगार नेण्यासाठी संबंधित कार्यालयाची पूर्वपरवानगी आवश्यक.
• धुतलेले पाणी पावसाळी गटारात किंवा विहिरीजवळ सोडू नये. वाहने धुण्याचे कायम केंद्र उघडायचे असल्यास उत्तर प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधी चौकशी करावी.

अर्ज कसा करावा?

१. उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे.
२. यंत्र, इंजेक्टर, फवारणी पंप, टाकी, पाइप, सुटे भाग आणि सुरक्षा साहित्य यांची वेगवेगळ्या ओळीत दरपत्रके घ्या.
३. पीएमईजीपी पोर्टलवर अर्ज भरा आणि झाशीचे जिल्हा उद्योग केंद्र निवडा.
४. आधार, पॅन, छायाचित्र, प्रकल्प अहवाल, शैक्षणिक प्रमाणपत्र आणि लागू असल्यास प्रवर्गाचा पुरावा जोडा. माजी सैनिकांनी सेवामुक्तीची कागदपत्रे जोडावीत.
५. बँकेची मंजुरी आल्यावर उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जात प्रमाणपत्र महाराष्ट्राचे आहे. झाशीत चालेल का?
अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्राकडून लेखी उत्तर घ्यावे. महिला किंवा माजी सैनिक म्हणून पात्र असल्यास त्या आधारे अर्ज करता येतो. त्यासाठी जात प्रमाणपत्र लागत नाही.

रसायनाचा खर्च अनुदानात धरता येतो का?
रसायन हा खेळत्या भांडवलाचा भाग आहे. तो उपकरणांच्या यादीत न मिसळता खेळत्या भांडवलाच्या ओळीत दाखवावा.

जीएसटी नोंदणी लागते का?
सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही.

बँकेने तारण मागितले तर?
सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. शाखेकडून लेखी कारण मागावे आणि ते जिल्हा उद्योग केंद्राला दाखवावे.

दलालामार्फत अर्ज करावा का?
नाही. पीएमईजीपीचा अर्ज आणि उद्यम नोंदणी या दोन्हींसाठी शुल्क नाही. मंजुरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत.