पंगुत्वाची सरकारी व्याख्या

सरकारनें अपंगांना द्यावयाच्या मदतीच्या नियमांत फेरबदल केला म्हणजे वर्तमानपत्रें पहिल्या ओळींत रक्कम छापतात. पूर्वीं इतके मिळत, आतां इतके मिळतील; एवढ्यावर बहुतेक वाचकांचें समाधान होतें. परंतु अशा योजनांचा इतिहास थोड्या बारकाईनें पाहिला तर रकमेचा आंकडा हा त्यांतील कमी महत्त्वाचा भाग ठरतो. खरा फेरबदल होतो तो अर्जाच्या कागदावर. दाराशीं आलेल्या मनुष्याला सरकार कोणता प्रश्न विचारतें यावर आंत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार हें ठरतें, आणि त्या प्रश्नांतील एखादा शब्द गळला किंवा वाढला कीं लाखों माणसांचें नशीब पालटतें. याचें एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धांतील सैनिकांची पेन्शन. अमेरिकेचा इतिहास लिंकनच्या खुनाबरोबर संपतो, अशी आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत दिसते. प्रस्तुत विषय तेथूनच खरा रंगास येतो.

१८६१ च्या एप्रिलांत युद्धाला तोंड लागलें तेव्हां तें कांहीं महिन्यांत आटोपेल असें दोन्ही पक्षांना वाटत होतें. वर्ष उलटलें तरी तें आटोपेना, आणि उत्तरेच्या सरकारला स्वयंसेवकांची भरती तर चालू ठेवावयाची होती. नांगर टाकून बंदूक हातीं घेणाऱ्या शेतकऱ्याला, उद्यां हात किंवा पाय गमावून परत आलों तर पुढें काय, याचें उत्तर मिळणें अवश्य होतें. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानें तें दिलें. ४ मार्च १८६१ नंतर सैन्यांत कर्तव्य बजावीत असतां झालेली जखम किंवा जडलेला रोग यांमुळें जो अपंग झाला असेल त्याला दरमहा पेन्शन मिळावी, असें ठरलें. पूर्ण अपंगत्वाबद्दल साध्या शिपायास ८ डॉलर, लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्यास ३० डॉलर. (पाय दोघांचाहि तोच, पण पायाची किंमत हुद्द्यावर!) जो मरण पावला त्याच्या विधवेला, सोळा वर्षांखालील मुलांना, क्वचित् त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईलाहि हा लाभ होता. त्या काळच्या मानानें ही तरतूद उदार होती यांत शंका नाहीं. मात्र सरकारचा मुख्य प्रश्न एकच होता: ही इजा तुम्हांला कोठें आणि कशी झाली?

आतां 'पूर्ण अपंगत्व' कशास म्हणावें? कायद्यानें माप घेतलें तें अंगमेहनतीचें. पाय गेलेला कारकून टेबलापाशीं बसून पूर्वींइतकेंच मिळवीत असला तरी त्याची पेन्शन कमी होत नसे, कारण मोजावयाची होती ती लेखणी धरण्याची नव्हे, कुदळ धरण्याची शक्ति. हें माप सरसकट लावणें अवघड जाऊं लागलें तेव्हां कांहीं इजांचे दरच बांधून टाकण्यांत आले. १८६४ मध्यें दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेलेल्यास २५ डॉलर आणि दोन्ही पाय गेलेल्यास २०. १८६६ मध्यें एक हात किंवा एक पाय गेलेल्यास १५, आणि १८७२ मध्यें त्याच इजेला १८. या अठरा डॉलरांनीं एक विलक्षण अंकगणित जन्मास घातलें. पेन्शनखात्याचे डॉक्टर अर्जदाराला तपासून त्याच्या पंगुत्वाचा अपूर्णांक लिहूं लागले: चार-अठरांश, सहा-अठरांश, दहा-अठरांश. आंखडलेला गुडघा, वाकडें झालेलें मनगट, बहिरा कान, सर्वांना छेद एकच. आमच्या वाचकांनीं याला हंसूं नये. आपल्याकडील २०१६ च्या कायद्यानेंहि चाळीस टक्क्यांची रेषा ओढली आहेच, आणि एकोणचाळीस टक्के अपंग असणें म्हणजे नेमकें काय असणें, हें सांगणारा वैद्य अद्याप जन्मास यावयाचा आहे.

तुटलेला पाय स्वतःच साक्ष देतो. खरी पंचाईत होती ती न दिसणाऱ्या दुखण्यांची. त्या युद्धांत शत्रूच्या गोळ्यांनीं जितके मेले त्यांच्या जवळजवळ दुप्पट रोगांनीं मेले, आणि जे वांचले त्यांपैकीं हजारों लोक जुनाट अतिसार, संधिवात, हिंवताप आणि छातीचे विकार बरोबर घेऊन घरीं परतले. चिखलांत झोंपून काढलेल्या हिंवाळ्याचें फळ कित्येकदां पंधरा-वीस वर्षांनीं हातीं येई. अशा मनुष्यानें अर्ज केला म्हणजे सरकार विचारी, हा संधिवात युद्धांतलाच कशावरून? दाखला आणा, अधिकाऱ्याचें प्रतिज्ञापत्र आणा, सोबत्यांच्या साक्षी आणा. तोंपर्यंत कप्तान मेलेला, सोबती पश्चिमेकडे पांगलेले, आणि छावणीच्या दवाखान्याची वही हरवलेली. म्हणजे दुखणें खरें असूनहि प्रश्नाचें उत्तर देतां येत नसे. अर्ज लिहून देणाऱ्या, साक्षीदार हुडकून काढणाऱ्या वकिलांचा एक मोठा वर्ग या अडचणीवरच पोसला गेला. असा वर्ग कोठें दिसला कीं तेथें कायद्याचा प्रश्न आणि लोकांचें जीवन यांत फारकत झाली आहे, असें खुशाल समजावें.

या प्रश्नाचा सर्वांत अधिक जाच झाला तो कृष्णवर्णी सैनिकांना. उत्तरेच्या सैन्यांत असे सुमारें १,८०,००० सैनिक होते, आणि त्यांतील बहुसंख्य गुलामगिरींतून नुकतेच सुटलेले. पेन्शनच्या कायद्यानें वर्णभेद केला नव्हता, हें त्याच्या कर्त्यांना भूषणावह आहे. १८६४ मध्यें तर, गुलामांचा विवाह कायद्याला मान्य नसल्यामुळें त्यांच्या विधवांजवळ विवाहाचा दाखला असणें शक्य नाहीं हें ओळखून, पतिपत्नी म्हणून एकत्र राहिल्याची साक्ष पुरेशी मानण्यांत आली. परंतु कायदा डोळस असून भागत नाहीं. ज्याला लिहितां येत नाहीं, ज्याचें नांव मालकाबरोबर बदललेलें, ज्याच्या जन्माची नोंद कोठेंच नाहीं, त्यानें कागद कोठून आणावे? अलीकडे संशोधकांनीं जुन्या अर्जांचे नमुने घेऊन मोजणी केली, तींत गोऱ्या सैनिकांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांचे अर्ज मान्य झालेले आढळले, तर कृष्णवर्णी सैनिकांपैकीं शेंकडा पंचाहत्तरांच्या आसपास. कायद्यांत एक अक्षरहि न बदलतां पडलेला हा फरक आहे. पराभूत दक्षिणेच्या सैनिकांना तर या दाराशीं उभेंच राहतां येत नव्हतें. त्यांच्या लाकडी पायांची व पुढें तुटपुंज्या पेन्शनींची व्यवस्था त्यांच्या त्यांच्या संस्थानांनीं आपल्या रिकाम्या तिजोऱ्यांतून केली.

१८७९ च्या जानेवारींत थकबाकीचा कायदा झाला. तोंवर उशिरां अर्ज करणाऱ्याची पेन्शन अर्जाच्या तारखेपासून सुरू होई. आतां ती सैन्यांतून सुटका झाल्याच्या दिवसापासून हिशेबांत धरून एकरकमी मिळूं लागली. मात्र १ जुलै १८८० च्या आंत अर्ज केला पाहिजे. परिणाम काय झाला हें सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. ज्यांनीं अभिमानानें किंवा आळसानें अर्ज केला नव्हता तेहि धांवले, आणि पेन्शनचा खर्च दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. संशयाचें वातावरणहि त्याबरोबर वाढलें. १८८३ मध्यें सेनेटच्या आज्ञेवरून सर्व पेन्शनरांची यादी पांच जाडजूड खंडांत छापून निघाली. नांव, टपालाचा पत्ता, रक्कम, आणि कोणत्या व्याधीबद्दल हेंहि! शेजाऱ्याचा मूळव्याध किंवा जुनाट अतिसार सरकारी खर्चानें प्रसिद्ध करणारें असें दुसरें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याच्या आदल्याच वर्षीं, विधवा परपुरुषाबरोबर उघड राहत असल्यास तिची पेन्शन बंद व्हावी असा नियम झाला होता. मदत देणारा हात हळूहळू घरांत डोकावूं लागतो, याचीं हीं दोन उदाहरणें पुरेत.

आतां मुख्य फेरबदलाकडे वळूं. १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या तिजोरींत शिल्लक सांचत होती, कारण परदेशी मालावर जबर जकात होती. रिपब्लिकन पक्षाला ती जकात कारखानदारांसाठीं हवी होती. मग आलेला पैसा खर्चण्यासही सन्मान्य मार्ग हवा. दुसऱ्या बाजूनें माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी ऑफ दि रिपब्लिक' ही संघटना लाखों मतांच्या बळावर बोलत होती. १८८७ मध्यें काँग्रेसनें, उपजीविकेचें साधन नसलेल्या अपंग सैनिकाला इजेचें कारण न विचारतां पेन्शन देणारें बिल मंजूर केलें. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनीं तें नामंजूर करून परत पाठविलें. त्यांचा मुख्य आक्षेप भाषेच्या सैलपणावर होता, आणि तो अगदींच पोकळ नव्हता. पण क्लीव्हलंड यांनीं युद्धाच्या वेळीं स्वतः न जातां पैसे देऊन बदली मनुष्य पाठविला होता, हें प्रतिपक्षाला पाठ होतें. १८८८ च्या निवडणुकींत ते पडले आणि त्याच युद्धांतील सेनापति बेंजामिन हॅरिसन अध्यक्ष झाले.

२७ जून १८९० चा कायदा हें या सर्वांचें फळ. नव्वद दिवसांची नोकरी, सन्मानपूर्वक सुटका, आणि अंगमेहनतीला असमर्थ करणारें कायमचें अपंगत्व, एवढें असलें म्हणजे झालें. दरमहा ६ ते १२ डॉलर. इजा युद्धांतील असण्याची अट गेली. कायद्याच्या नांवांत 'परावलंबी' हा शब्द राहिला, पण सैनिकाला आपलें दारिद्र्य सिद्ध करण्याची जरूर उरली नाहीं. 'कशी झाली?' या प्रश्नाच्या जागीं 'आज काय करतां येत नाहीं?' हा प्रश्न आला. शेतावर गंजीवरून पडून मोडलेला पाय आणि तोफगोळ्यानें मोडलेला पाय एका पंक्तीस बसले. जुन्या प्रश्नाचें एकच शेपूट मागें उरलें: तें अपंगत्व स्वतःच्या दुर्व्यसनांमुळें आलेलें नसावें. म्हणून डॉक्टर तपासणींत यकृताबरोबर चारित्र्याविषयींहि अभिप्राय लिहूं लागले.

१८९३ पर्यंत पेन्शनरांची संख्या साडेनऊ लाखांच्या वर गेली आणि खर्च वर्षाला पंधरा कोटि डॉलरांच्या वर. मध्यवर्ती सरकारच्या एकंदर उत्पन्नाचा सुमारें चाळीस टक्के भाग या एका खात्यांत जाऊं लागला. युद्ध संपून अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं! टीकाकारांना रान मोकळें मिळालें. १८८९ मध्यें पेन्शनखात्याचे प्रमुख झालेले जेम्स टॅनर यांच्यावर तर उधळेपणाचा आरोप होऊन सहा महिन्यांच्या आंत त्यांना जावें लागलें. हे टॅनर कोण? १८६२ मध्यें बुल रनच्या दुसऱ्या लढाईंत दोन्ही पाय गमावलेला अठरा वर्षांचा पोरगा. पुढें तो लघुलेखन शिकला, आणि लिंकन शेजारच्या खोलींत शेवटचे श्वास घेत असतां खुनाच्या साक्षी त्यानेंच टिपून घेतल्या. अशा मनुष्याकडून सढळ हाताखेरीज दुसरें काय अपेक्षावें?

हा सारा मतें विकत घेण्याचा बाजार होता, असा निकाल त्या काळच्या सुधारकांनीं दिला आणि तोच पुष्कळ दिवस पाठ्यपुस्तकांत चालला. आमच्या मतें हा निकाल अर्धाच खरा आहे. मतांचा व्यवहार होता, वकिलांची लूट होती, खोटे अर्जहि होते. परंतु पंचवीस वर्षांनंतर 'हें दुखणें कोठलें?' असें विचारणें म्हणजे खोटें बोलण्याचें आमंत्रणच होतें. नवा प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीविषयीं होता, आणि त्याचें उत्तर निरक्षरालाहि देतां येत होतें. दोष असेल तर तो वेगळ्या ठिकाणीं आहे. कारणाची अट काढल्यावर, मग फक्त सैनिकालाच कां, हा पुढचा प्रश्न अटळ होता. खाणींत हात गेलेला मजूर, युद्धानंतर आलेला परदेशी, दक्षिणेंतील शेतकरी, हे सर्व जकातीच्या वाटेनें या पेन्शनीचा भार उचलीत होते आणि त्यांच्या वांट्याला कांहींच येत नव्हतें. तो प्रश्न काँग्रेसनें विचारला नाहीं.

मूळ प्रश्न आणखी एकदां बदलला. १९०४ च्या मार्चांत थिओडोर रूझवेल्ट यांनीं हुकूम काढला कीं, वार्धक्य हेंच अपंगत्व समजावें: ६२ व्या वर्षीं ६ डॉलर, ६५ व्या वर्षीं ८, ६८ व्या वर्षीं १०, ७० व्या वर्षीं १२. १९०७ मध्यें काँग्रेसनें कायदाच करून दर वाढविले. आतां डॉक्टर, साक्षीदार, अपूर्णांक, कशाचीच गरज नाहीं, 'वय किती?' एवढेंच विचारावयाचें. आयझॅक रुबिनो या अभ्यासकानें १९१३ मध्यें दाखवून दिलें कीं, अमेरिकेंत वृद्धांना सरकारी वेतन नाहीं हें म्हणणें खरें नाहीं. तें सैनिकी नांवाखालीं केव्हांच सुरू झालें आहे. अर्थात् जन्माची नोंद नसलेल्या माजी गुलामांना हा सोपा प्रश्नहि पुन्हां अवघड गेला.

पुढच्या पिढीनें या इतिहासापासून भीति तेवढी घेतली. पहिल्या महायुद्धांत, १९१७ च्या ऑक्टोबरांत केलेल्या कायद्यानें सैनिकांसाठीं विमा, नुकसानभरपाई आणि नवा धंदा शिकविण्याची सोय केली. त्यामागें जुन्या पेन्शनीची पुनरावृत्ति टाळण्याचा उद्देश होता, आणि भरपाईपुरता 'कोठें, कशी?' हा जुना प्रश्न परत आला. सामान्य मजुराला सर्व प्रकारच्या अपंगत्वाबद्दल मध्यवर्ती सरकारचा विमा मिळण्यास १९५६ साल उजाडावें लागलें, आणि तेव्हांहि तो पन्नाशी उलटलेल्यांनाच. ती अट १९६० मध्यें गेली. १८९० आणि १९५६ यांमधल्या सहासष्ट वर्षांत यंत्रांत आणि खाणींत सांपडून निकामी झालेल्या, रोगानें घरीं बसलेल्या माणसांची यादी कोणत्याहि सेनेटनें छापलेली नाहीं.

१८९० च्या कायद्यांत एक लहानसें कलम होतें, त्याकडे त्या गदारोळांत फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. सैनिकाचें मूल मनानें दुर्बल किंवा कायमचें असहाय असेल तर त्याची पेन्शन सोळाव्या वर्षीं न थांबतां आमरण चालावी. अशाच तरतुदीखालीं उत्तर कॅरोलायना संस्थानांतील एक स्त्री दरमहा ७३ डॉलर १३ सेंट घेत असे. तिचा बाप आधीं दक्षिणेच्या व मग उत्तरेच्या सैन्यांत होता. ती जन्मली तेव्हां, १९३० मध्यें, तो ८३ वर्षांचा होता. त्या युद्धाची ही शेवटची पेन्शन तिच्या मृत्यूबरोबर, मे २०२० मध्यें बंद झाली.