लष्कराचं पाणी



म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात अशोका रोडवरून चालताना मला दर वेळी या नावाची गंमत वाटते. आज इथे दुकानं आहेत, रिक्षा आहेत, नळाला पाणी आहे. पण ‘लष्कर’ म्हणजे मुळात चालतं गाव. परवा माझ्या भाच्यानं एका व्हॅनमध्ये घर थाटलं आणि मला विचारलं, “मामा, आठ-आठ दिवस रानात राहायचं तर पाणी, संडास आणि कपडे यांचं काय करायचं?” मी म्हटलं, “अरे, हे तीन प्रश्न लष्कराला विचार. त्याचा जन्म यातच गेलाय.” आजचा भाग त्याच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

मे १७९१. इथून फार लांब नाही, मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या. टिपूच्या श्रीरंगपट्टणावरून इंग्रज माघारी फिरले होते. बैल मेले होते, वेढ्याच्या तोफा त्यांनी स्वतःच निकामी केल्या होत्या, सैन्य उपाशी होतं. मराठ्यांच्या तळावर मात्र भरला बाजार होता. इंग्रजांना धान्य मिळालं ते तिथे.

असा तळ किती भक्कम असतो याचं उदाहरण म्हणजे ग्वाल्हेर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी तिथे तळ दिला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याचंच शहर झालं. नाव काय? लष्कर!

हे चालतं गाव चालवत कोण होतं? बैलाच्या पाठीवर कातडी पखाल लादून पाणी आणणारा पखालजी, खांद्यावर मशक घेतलेला भिस्ती, घाण उचलणारा मेहतर, कपडे धुणारा परीट. इतिहासात यांची नावं नाहीत. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण आज शिवीसारखा वापरतो. पण बुणग्यांशिवाय लढणारा माणूस चार दिवसही उभा राहिला नसता.

नियम आपल्याकडे लिहून ठेवलेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५) किल्ल्याचा विचार आहे. किल्ला म्हणजे बाहेरून काही मिळणार नाही असं धरून बांधलेलं घर. पंत सांगतात, आधी पाणी पाहा, मग किल्ला बांधा. एका झऱ्यावर विसंबू नका, साठ्याची टाकी करा. आणि केर? तो गडाखाली ढकलायचा नाही. जागच्या जागी जाळायचा, राख परसात घालायची, त्यावर घरोघर भाजी करायची. तीनशे वर्षांपूर्वीचं हे कचरा व्यवस्थापन.

नियम मोडला, किंवा ठाऊकच नसला, तर काय होतं ते नोव्हेंबर १८१७ मध्ये दिसलं. पेंढाऱ्यांवर आणि मराठ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातल्या तळावर पटकी आली. तलवार न उपसता हजारो माणसं गेली. त्यांत बुणगेच जास्त. कारण कोणालाच कळेना. शेवटी तळ हलवून बेतवा नदीकाठी एरचला नेला. जागा बदलली, पाणी बदललं, साथ ओसरली. पटकीचा जंतू कॉखनं कलकत्त्यात ओळखला तो १८८४ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी.

पुढे फौजांनी धडा घेतला. वाहत्या पाण्याचा क्रम ठरला: सगळ्यात वर पिण्याचं, त्याखाली जनावरांचं, त्याखाली आंघोळीचं, तळाशी धुण्याचं. चर खणायचे, दर वापरानंतर माती लोटायची. १९१५ च्या सुमारास हॉरॉक्स यांची चाचणी आली. सहा पांढऱ्या कपांत पाणी घेऊन किती ब्लीचिंग पावडर लागेल ते ठरवायचं. पावडर घातल्यावर अर्धा तास थांबायचं, मगच प्यायचं.

तो अर्धा तास मी एकदा थांबलो नाही. नवा लेफ्टनंट होतो, सरावाचं शिबिर होतं. ओढ्यावर जागा सोयीची दिसली म्हणून धुणं वर आणि लंगर खाली, असा तळ मीच आखला. सुभेदारसाहेब एकदाच म्हणाले, “साहेब, धुण्याची जागा खाली न्यायला हवी.” मी म्हटलं, “उद्या बघू.” त्यात टँकरला उशीर झाला, आणि पावडर घातल्या घातल्या मी पाणी वाटायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी नऊ जवान हगवणीनं आडवे झाले. त्यांतल्या एकाची रजा मंजूर होती. बहिणीच्या लग्नाला तो पोहोचला नाही. मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून भाच्याला सांगितलं: पिण्याच्या पाण्याचा कॅन वेगळा, त्याला दुसरा हात लागू द्यायचा नाही. कपडे बादलीत धू, ओढ्यात नाही. साबणाचं पाणी प्रवाहापासून साठ मीटर तरी लांब, मातीत ओत. संडासाची टाकी नदीनाल्यात रिकामी करायची नाही, कितीही रात्र झाली असली तरी. गाडी लावण्याआधी उतरून बघ, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. तुझ्या खाली कोणाचं तरी गाव असतं.

आणि आता तुझा पखालजी तूच, परीटही तूच. निदान त्यांची आठवण ठेव.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.